संचालक मंडळावर जागा कशी मिळवायची: पुण्यातल्या नवख्यांसाठी

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मला तिघांनी सांगितलं, "आता तुम्ही एखाद्या कंपनीच्या बोर्डवर जा." जसं काही बोर्ड म्हणजे सारसबाग, वाटलं की चपला घालायच्या आणि निघायचं. भोसरीच्या एका कारखान्यात मी २९ वर्षं काढली, आधी कॉस्टिंगमध्ये, नंतर खरेदी खात्यात. बोर्डाच्या मीटिंगला आकडे मीच तयार करून द्यायचे, पण ते आकडे घेऊन आत जायचे आमचे साहेब. आत काय चालतं ते बाहेर चहाच्या ट्रेबरोबर जेवढं कळे तेवढंच.

आज मी एका कंपनीत स्वतंत्र संचालक आहे. निवृत्तीपासून इथवर यायला सव्वादोन वर्षं लागली. त्यातलं निदान एक वर्ष चुकीच्या दारावर टकटक करण्यात गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितेय. माझा मुद्दा एकच आहे: जागा मिळवणं हे अर्धंच काम. कुठली जागा घ्यायची नाही हे ओळखणं जास्त अवघड, आणि त्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही.

१. आधी ठरवा, कुठली खुर्ची?

"डायरेक्टर" या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत. मॅनेजिंग किंवा होल-टाइम डायरेक्टर म्हणजे कंपनी चालवणारा. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा गुंतवणूकदाराने बसवलेला. बाहेरच्या माणसाला खरा वाव असतो तो स्वतंत्र संचालकाच्या जागेवर, म्हणजे इंडिपेंडंट डायरेक्टर.

या जागा कायद्याने निर्माण झाल्यात. कंपनी कायदा २०१३ नुसार प्रत्येक लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, पब्लिक कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. मुख्य बाजारात लिस्ट झालेल्या कंपनीचा अध्यक्ष स्वतः प्रमोटर (कंपनीचा मूळ मालक) किंवा एक्झिक्युटिव्ह असेल, तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमांनी निम्मे. लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपनीलाही किमान दोन स्वतंत्र संचालक लागतात. मात्र त्यासाठी तिचं भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा त्याहून जास्त, उलाढाल १०० कोटी किंवा त्याहून जास्त, नाहीतर कर्जं आणि ठेवी मिळून ५० कोटींच्या वर असावी लागतात. प्रायव्हेट लिमिटेडला हे बंधन नाही. चाकण-भोसरीतल्या बहुतेक कंपन्या प्रायव्हेट लिमिटेडच आहेत, म्हणून "एवढे कारखाने आहेत, कुठेतरी लागेल नंबर" हा हिशेब चुकतो.

बायकांसाठी आणखी एक दार आहे. प्रत्येक लिस्टेड कंपनीत, आणि १०० कोटी भांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल गाठलेल्या पब्लिक कंपनीत, किमान एक महिला संचालक लागते. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांमध्ये ती स्वतंत्रच असावी लागते. या दाराचा फायदा जरूर घ्या, पण त्याचा एक वाईट अनुभव मला आला. तो सातव्या पायरीवर.

नवख्याने भारत फोर्ज किंवा थरमॅक्ससारख्या बड्या कंपन्यांकडे बघत बसू नये. पहिली खुर्ची साधारण तीन ठिकाणी मिळते: एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे छोट्या कंपन्यांसाठीच्या वेगळ्या शेअर बाजारात, नुकतीच लिस्ट झालेली कंपनी, वरच्या मर्यादेत नव्याने आलेली अनलिस्टेड पब्लिक कंपनी, किंवा समाजकार्यासाठी काढलेली सेक्शन ८ कंपनी. तिसरीत पैसे जवळपास नसतात, पण मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, कसे लिहितात, ठराव कसा होतो हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

पुण्यात चौथी एक वाट आहे, तिकडे लोकांचं लक्ष जात नाही. नागरी सहकारी बँका. १०० कोटी आणि त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार संचालक मंडळाशिवाय एक व्यवस्थापन मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ मॅनेजमेंट नेमावं लागतं. त्यात हिशेब, कायदा, आयटी, लघुउद्योग अशा विषयांतली जाणती माणसं लागतात. निवडणूक लढवावी लागत नाही. बँकिंग किंवा आयटीमधून निवृत्त झाला असाल तर आधी इकडे चौकशी करा.

२. तुम्ही खरोखर "स्वतंत्र" आहात का?

निवृत्त माणसाची पहिली आशा असते, "आमचीच कंपनी घेईल." नाही घेऊ शकत. मागच्या तीन आर्थिक वर्षांत ज्या कंपनीत, तिच्या होल्डिंग (मालक), सबसिडिअरी (उपकंपनी) किंवा असोसिएट (सहयोगी) कंपनीत तुम्ही नोकरीला होतात, तिथे तुम्ही स्वतंत्र ठरत नाही. मी हे न वाचताच आमच्या ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीच्या साहेबांना भेटून आले होते. ते बिचारे सौजन्याने चहा पाजून "बघतो" म्हणाले.

बाकीच्या अटी थोडक्यात: प्रमोटर किंवा त्यांचे नातेवाईक नको. कंपनीशी पैशाचे व्यवहार तुमच्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपलीकडे नकोत. तुम्ही आणि नातेवाईक मिळून मतदानाचे हक्क २ टक्के किंवा त्याहून जास्त नकोत. कंपनीच्या ऑडिट फर्ममध्ये मागच्या तीन वर्षांत भागीदार किंवा नोकर नको. सल्लागार म्हणून काम करणाऱ्यांनी हे नीट तपासावं, कारण पुण्यात प्रत्येक जण कुणाचा तरी सल्लागार असतो.

नातेवाइकांची यादी घरी बसून करा. जावयाची फर्म त्या कंपनीला माल पुरवते हे नियुक्ती झाल्यावर कळणं बरं नव्हे.

३. कागदपत्रं: आत्ताच जमवून ठेवा

लागणाऱ्या गोष्टी:
– पॅन आणि आधार (दोन्हीवर नाव अक्षरशः एकच)
– पासपोर्ट, असल्यास
– दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल, फोनबिल किंवा बँक स्टेटमेंट
– फोटो
– क्लास ३ डिजिटल सही, म्हणजे डीएससी, यूएसबी टोकनमध्ये
– स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल

"स्वतःचा" हा शब्द मुद्दाम लिहिलाय. अनेक सल्लागार फॉर्ममध्ये आपलाच ईमेल टाकून मोकळे होतात. मग दोन वर्षांनी ओटीपी त्यांच्याकडे जातो, ते फोन उचलत नाहीत आणि तुमचं सगळं अडतं. टोकनही स्वतःच्या कपाटात ठेवायचं. कंपनीच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं टोकन म्हणजे कोऱ्या कागदावर केलेली सही.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना इथे ठेच लागते. फॉर्ममध्ये वडिलांचंच नाव लागतं, नवऱ्याचं चालत नाही. माझं पॅन माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. दोन्ही एक करण्यात सात आठवडे गेले. एका ठिकाणी "मॅडम, गॅझेट लागेल" ऐकलं, दुसऱ्या खिडकीवर "कशाला, लग्नाचा दाखला चालतो". दाखला चालला.

डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, ही पुढची पायरी. तो आधीच काढून ठेवावा असं सगळ्यांना वाटतं. पण चालू कंपनीत जायचं तर तो डीआयआर-३ फॉर्मने मिळतो, आणि त्या फॉर्मला तुम्हाला नेमू पाहणाऱ्या कंपनीचा ठराव जोडावा लागतो. म्हणजे कंपनी ठरल्याशिवाय डीआयएन नाही. "पाच हजारांत डीआयएन काढून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. सगळं ऑनलाइन होतं. आकुर्डी स्टेशनजवळच्या कंपनी निबंधक कार्यालयात मीही उत्साहाने जाऊन आले, पण त्यातून आकुर्डी बघून झालं एवढंच.

आणि आठवून बघा: पूर्वी कधी मेहुण्याच्या किंवा मित्राच्या कंपनीत नावापुरते डायरेक्टर होतात का? मग डीआयएन बहुधा आधीच आहे. दुसरा काढायला कायद्याने मनाई आहे. जुना शोधा, केवायसी राहिली असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क भरून तो चालू करून घ्या. त्या जुन्या कंपनीने सलग तीन वर्षं हिशेब भरले नसतील, तर तुम्ही पाच वर्षांसाठी अपात्रही ठरलेले असू शकता. २०१७ मध्ये सरकारने एका फटक्यात ३ लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरवले, त्यातल्या अनेकांना आपण संचालक आहोत याचाच विसर पडला होता.

४. डेटाबँक आणि परीक्षा

स्वतंत्र संचालक व्हायचं तर नियुक्तीच्या आधी इंडिपेंडंट डायरेक्टर्स डेटाबँकमध्ये नाव नोंदवावं लागतं. ती मानेसरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स ही संस्था चालवते, डिसेंबर २०१९ पासून. नोंदणी एक वर्ष, पाच वर्षं किंवा आजीवन. मी एक वर्षाची केली, जीएसटी धरून ५,९०० रुपये पडले. सुरुवातीला एक वर्षाचीच करा.

नोंदणीनंतर दोन वर्षांत एक ऑनलाइन परीक्षा द्यायची. कंपनी कायदा, सेबीचे नियम, थोडं अकाउंटन्सी. ५० टक्क्यांना पास, आणि हवी तितक्या वेळा देता येते. घरी बसून, कॅमेऱ्यासमोर. मी पहिल्यांदा ४६ वर अडकले, कारण कॉस्टिंगमध्ये आयुष्य गेलं म्हणून अकाउंटन्सी वाचलीच नव्हती. गर्वाचं घर खाली. दुसऱ्या वेळी पोर्टलवरचे धडे नीट वाचले आणि सुटले. दहा वर्षं प्रॅक्टिस केलेले वकील, सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी, कंपनीचं कायद्याचं काम बघणारे), कॉस्ट अकाउंटंट आणि ठरावीक प्रकारच्या कंपन्यांत तीन वर्षं संचालक किंवा प्रमुख अधिकारी राहिलेल्यांना परीक्षा माफ आहे.

ही परीक्षा म्हणजे लर्निंग लायसन्स. डेटाबँकेत नाव गेल्यावर आठ महिने मी फोनची वाट पाहिली. एक फोन आला. "मॅडम, आमचा सर्टिफिकेट कोर्स करा, बोर्डवर बसवून देतो, फक्त अडीच लाख." कोर्स वाईट असतात असं नाही. पण "बसवून देतो" म्हणणारा कुणीही कुणाला बसवून देत नाही. ती शिफारस कंपनीची नॉमिनेशन कमिटी करते, आणि शेवटचा शब्द भागधारकांच्या सभेचा.

५. एका पानाचा बायोडाटा

नोकरीचा बायोडाटा इथे चालत नाही. किती माणसं हाताखाली होती, किती ट्रॉफ्या मिळाल्या यात बोर्डाला रस नाही. त्यांना बघायचं असतं की टेबलावर एखादा विषय आला तर तुम्हाला त्यातलं काय कळेल.

माझा पहिला बायोडाटा चार पानांचा होता. आमच्या ओळखीच्या एका सीएस काकांनी, शनिवार पेठेत त्यांचं ऑफिस आहे, तो वाचून उलटा ठेवला आणि विचारलं, "ऑडिट कमिटीत बसलात तर पहिला प्रश्न कुठला विचाराल?" (ऑडिट कमिटी म्हणजे बोर्डाची हिशेब बघणारी समिती.) मी म्हटलं, "इन्व्हेंटरीतला न हलणारा माल किती वर्षांचा आहे ते." "मग हे लिहा ना पहिल्या ओळीत."

तसं लिहिलं. पहिली ओळ: वाहन उद्योगातली खरेदी, कॉस्टिंग आणि साठा-मूल्यांकन यांचा २९ वर्षांचा अनुभव, ऑडिट कमिटीसाठी उपयुक्त. खाली पाच ओळींत पाच प्रसंग, आकड्यांसह. शेवटी डेटाबँक नोंदणी, परीक्षा, आणि "सध्या कुठल्याही कंपनीशी हितसंबंध नाहीत". संपलं.

६. पुण्यात ओळख कशी होते

खरं सांगायचं तर छोट्या-मध्यम कंपन्यांत स्वतंत्र संचालक कसा सापडतो? प्रमोटर आपल्या सीएला विचारतो, "कुणी आहे का?" सीए कंपनी सेक्रेटरीला विचारतो. त्या दोघांच्या डोक्यात जी चार नावं येतात, त्यातलं एक लागतं. तुम्हाला त्या चारांत यायचंय. प्रमोटरच्या मागे लागून उपयोग नाही. प्रॅक्टिस करणारे सीएस आणि सीए, आणि कंपन्यांचे सीएफओ, म्हणजे अर्थप्रमुख, हीच खरी दारं.

ही मंडळी भेटतात कुठे? सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबरमध्ये (१९३४ पासूनची संस्था, नाव मोठं आहे, पण पुण्यात सगळे "मराठा चेंबर"च म्हणतात), कंपनी सेक्रेटरींच्या पुणे चॅप्टरमध्ये, बिबवेवाडीला सीएंच्या शाखेत. जीएसटी, कामगार कायदा, निर्यात, काहीतरी कार्यक्रम सतत चालू असतात. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्यांनाही फी भरून बसता येतं.

तिथे जाऊन कार्डं वाटू नका. मी तीन महिने वाटली. घरी आलेल्या कार्डांचा एक गठ्ठा झाला, माझी कार्डं इतरांच्या घरच्या गठ्ठ्यात गेली. मग एकदा खेळत्या भांडवलावरचं एक चर्चासत्र होतं. वक्ते सांगत होते की साठा कमी करा, बँकेचं व्याज वाचवा. मी उठून विचारलं, "साठा कमी झाला हे कागदावर दिसतं, पण जुना माल भंगारात न काढता नुसता दुसऱ्या कोडखाली टाकला असेल तर ऑडिटरला ते कुठे दिसेल?" सभागृहात दोन-तीन जण हसले. ज्यांच्या कंपनीत तसं होतं तेच हसले असणार. जेवणाच्या रांगेत एक सीएफओ शेजारी आले आणि म्हणाले, "हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "कारण मी तो माल विकत घ्यायचे." पुढचा अर्धा तास आम्ही हातात ताट घेऊन उभे होतो.

त्यांचा फोन अकरा महिन्यांनी आला. मधल्या काळात मी त्यांना एकदाही "माझं बघा" म्हटलं नाही. दोनदा त्यांनीच एका व्हेंडरबद्दल विचारलं, मी जे माहीत होतं ते सांगितलं. एवढंच.

आणखी एक. जुन्या व्हेंडरांना विसरू नका. ज्यांची बिलं तुम्ही वेळेवर काढलीत ते आज पब्लिक कंपनीचे मालक झालेले असू शकतात. फक्त पैशांचे व्यवहार आणि दुसऱ्या पायरीतल्या अटी आधी तपासा.

७. ऑफर आली? आता खरं काम सुरू

पायऱ्यांमधली सगळ्यात मोठी पायरी ही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. इतके महिने वाट पाहिलेली असते, त्यामुळे पहिल्या ऑफरला "हो" तोंडातून निघून जातं.

मला पहिली ऑफर आली ती एका अनलिस्टेड पब्लिक कंपनीची. नाव सांगत नाही. डेक्कनवरच्या हॉटेलात भेटलो. प्रमोटर अतिशय गोड माणूस. "मॅडम, वर्षाला चार सह्या. बाकी सगळं आम्ही बघतो. आमच्या आधीच्या मॅडम गेल्या, तीन महिन्यांत जागा भरायला लागते." शेजारच्या माणसाने फाइल उघडली. आत डीआयआर-२, म्हणजे संचालक होण्याची संमती, छापून तयार. माझं नाव टाइप केलेलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली.

ती फुली बघितली आणि मी म्हटलं, "चार दिवस द्या." त्या चार दिवसांत जे केलं तेच तुम्ही करा:

एमसीए, म्हणजे कंपनी मंत्रालयाच्या, पोर्टलवर कंपनीचं नाव टाका. मास्टर डेटा फुकट दिसतो: संचालक कोण, चार्ज (मालमत्तेवरचं तारण) किती, शेवटची वार्षिक सभा कधी झाली. १०० रुपये भरून तिथे दाखल झालेली सार्वजनिक कागदपत्रंही बघता येतात. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद उतरवून घ्या.

ताळेबंद मागून वाचायला सुरुवात करा. नफ्याचा आकडा सगळ्यात शेवटी. आधी ऑडिटरचा अहवाल: शेरा मारलाय का, पीएफ आणि जीएसटी थकलंय का. मग रिलेटेड पार्टीची टीप: प्रमोटरच्या भावाच्या, बायकोच्या कंपनीला किती कर्ज, किती खरेदी. मग आकस्मिक देणी: कोर्टकचेऱ्या, बँक गॅरंट्या.

क्रेडिट रेटिंग शोधा. बँकेचं मोठं कर्ज असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर यांच्यापैकी कुणाचा तरी अहवाल सापडतो, आणि तो फुकट वाचता येतो. "इश्युअर नॉट कोऑपरेटिंग" असा शिक्का दिसला तर समजा की कंपनीने रेटिंगवाल्यांना माहिती देणं बंद केलंय. जी कंपनी त्यांना माहिती देत नाही ती तुम्हाला कशी देईल?

ऑडिटर आणि संचालक का गेले ते विचारा. गेलेल्या माणसालाच फोन करा. हा एक फोन सगळ्या कागदांच्या तोडीचा असतो.

माझ्या त्या कंपनीत काय निघालं? ऑडिटर मुदतीच्या मध्येच गेलेले. रेटिंगवर तोच शिक्का. प्रमोटरच्या भावाच्या कंपनीला दिलेलं कर्ज दोन वर्षं तसंच, व्याजही नाही. आधीच्या मॅडमना फोन केला. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मला अजेंडा रात्री पावणेबाराला यायचा, सकाळी दहाच्या मीटिंगचा." मी नाही म्हणून कळवलं. प्रमोटरचा गोडवा त्या दिवसापासून संपला.

"पण स्वतंत्र संचालकाला जबाबदारी नसते ना?" असं मला अनेकांनी विचारलंय. कायदा म्हणतो की बोर्डाच्या कामकाजातून तुम्हाला माहीत झालेल्या, आणि तुमच्या संमतीने, मूक सहकार्याने किंवा निष्काळजीपणामुळे घडलेल्या गोष्टींसाठी तुम्ही जबाबदार. निष्काळजीपणा या शब्दात सगळं येतं. "मी वाचलंच नाही" हा बचाव नसतो. २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा बाहेर आला तेव्हा त्या मंडळावरही नावाजलेली स्वतंत्र माणसं होती.

८. हो म्हणण्याआधी लेखी काय घ्यावं

नियुक्तिपत्र. त्यात मुदत (एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं, अशा सलग दोनच), कुठल्या कमिटीत घेणार, सिटिंग फी, प्रवासखर्च. फीची कमाल मर्यादा मीटिंगमागे एक लाख आहे, पण हा आकडा वाचून घराचं नूतनीकरण काढू नका. मला पहिल्या मीटिंगचे १५ हजार मिळाले, त्यातून १० टक्के टीडीएस गेला. या फीवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनी भरते. स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन मिळत नाहीत.

डी अँड ओ विमा, म्हणजे संचालकांच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा. पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो बंधनकारक आहे, बाकीच्यांना तुम्ही मागावा लागतो. "आहे" असं तोंडी ऐकून गप्प बसू नका, पॉलिसीची प्रत मागा. माझ्या आताच्या कंपनीकडे मी मागितली तेव्हा कळलं की तिची मुदत संपून पाच महिने झालेत. नवी घेतल्यावरच मी सही केली.

तुमच्या बाजूने द्यायचे कागद: डीआयआर-२ संमती, डीआयआर-८ अपात्र नसल्याचं, एमबीपी-१ हितसंबंधांचं, आणि स्वतंत्र असल्याचं निवेदन. कंपनी ३० दिवसांत डीआयआर-१२, म्हणजे नेमणूक कळवणारा फॉर्म, भरते. तो भरला का, ते पोर्टलवर स्वतः बघा. मुख्य बाजारात लिस्ट झालेली कंपनी असेल तर भागधारकांच्या विशेष ठरावाने नियुक्ती पक्की होते, आणि ती पुढच्या सर्वसाधारण सभेत किंवा तीन महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा घ्यावी लागते.

लिस्टेड कंपनीत गेलात तर घरच्यांना आधीच बसवून सांगा: तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांपर्यंत त्या कंपनीच्या शेअरला हात लावायचा नाही. माझ्या यजमानांचं ट्रेडिंग अ‍ॅपवर फार प्रेम आहे, म्हणून हे आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

९. पहिलं वर्ष

वर्षाला बोर्डाच्या किमान चार मीटिंगा, दोहोंमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही. वर ऑडिट कमिटी, आणि स्वतंत्र संचालकांची निदान एक वेगळी बैठक, जिथे प्रमोटर नसतात. वाचनासकट धरा, पंधरा-वीस दिवस जातात. बारा महिन्यांतल्या सगळ्याच मीटिंगांना गैरहजर राहिलात तर खुर्ची आपोआप रिकामी होते, परवानगी घेऊन राहिलात तरी.

मीटिंगची नोटीस सात दिवस आधी यायला हवी. अजेंड्याचे कागद उशिरा आले तर पहिल्याच वेळी ईमेलने लिहून कळवा, नम्रपणे. फोनवर बोललेलं हवेत जातं. तुमचा विरोध असेल तर तो मिनिट्समध्ये नोंदवायला सांगा, आणि मसुदा आला की नोंदवलाय का ते तपासा. सोडायची वेळ आली तर राजीनाम्यात कारण स्पष्ट लिहा आणि डीआयआर-११ ने स्वतःही निबंधकांना कळवा.

आणि पहिल्या तिमाहीतच कारखाना बघून या. बोर्डरूममधून नाही दिसत काही.

माझ्या पहिल्या ऑडिट कमिटीत मी तोच प्रश्न विचारला: न हलणारा माल किती वर्षांचा? उत्तर आलं, "नगण्य आहे, मॅडम." मी म्हटलं, "मग एकदा बघून येते." चाकणच्या गोदामात स्टोअरकीपर मला पुढच्या रॅका दाखवत होता, सगळं चकाचक. मी मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले. तिसऱ्या रॅकवर बुशिंगचे खोके होते, वर बोटभर धूळ. एका खोक्याची चिठ्ठी पुसून वाचली: मार्च २०१९. स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल बंदच झालं ना." ताळेबंदात तो माल पूर्ण किमतीला उभा होता.

चिठ्ठीचा फोटो मी सीएफओंना पाठवला, दुसरं काही लिहिलं नाही. पुढच्या कमिटीच्या अजेंड्यावर दुसऱ्या क्रमांकाला "जुन्या साठ्यासाठी तरतूद" असा विषय होता, आणि कागद नऊ दिवस आधी आले होते.